लहानात लहान बुडबुडा

सुव्रतबरोबर मोहवा टापूवर उतरलेले सगळे शिकाऊ पाणबुडे परीक्षा देऊन केव्हाच कामाला लागले होते. सुव्रत मगदूम मात्र अजून शिकतच होता. मायाबंदरहून येणारी बोट दर खेपेला नवे चेहरे घेऊन येई. ते चेहरे उन्हाने रापत, पोटऱ्यांवर प्रवाळाचे ओरखडे मिरवू लागत आणि एके दिवशी उत्तरेकडच्या बेटांवर रवाना होत. धक्क्यावर उभे राहून त्यांना निरोप देण्याचे काम जणू आपल्याकडेच आले आहे, असे सुव्रतला वाटू लागले होते.

त्या वर्षांत समुद्र इतका तापला होता की अंदमानभोवतीची प्रवाळांची राने पांढरी पडून मरून गेली होती. ती पुन्हा उभी करायची तर ऊस लावतात तशी, एकेक कांडी हाताने खोचत लावावी लागत होती, आणि त्यासाठी पाणबुडे हवे होते. शिरोळच्या ऊसपट्ट्यात वाढलेल्या सुव्रतला ही उपमा पहिल्याच दिवशी सुचली. पण ती त्याने कोणाला सांगितली नाही. तो सहसा कोणालाच काही सांगत नसे.

बोलण्याचे काम त्याचा जोडीदार अनूप हालदार करी. अनूप दिगलीपूरकडचा बंगाली. पोट सुटलेला, गालांत पान, आणि जगात हसण्यासारखे काही नाही असे त्याला पटवून देणे अशक्य. या केंद्रात परीक्षा एकट्याची नसे, जोडीची असे. पाण्याखाली एकमेकांवर नजर ठेवणे हीच पहिली विद्या, असे तिथे मानत. त्यामुळे एक जण नापास झाला की दुसराही नापास. सुव्रतपायी अनूप दोनदा नापास झाला होता. पण त्यावर तो एवढेच म्हणाला होता की, मगदूमबाबूंचे बुडबुडे भाताच्या हंडीसारखे उसळतात, भात शिजेपर्यंत थांबायला आपली हरकत नाही.

आणि खरी गोष्ट अशी होती, की तो भात सुव्रत शिजूच देत नव्हता.

केंद्राची मुख्य प्रशिक्षक होती नॉ मिरियम, सुव्रतच्या मोठ्या भावाची बायको. शंभर वर्षांपूर्वी ब्रह्मदेशातून येऊन या बेटांवर वसलेल्या करेन लोकांपैकी ती. मराठी ती फक्त वर्धमानदादाकडून शिकली होती. त्यामुळे बोले ती थेट कृष्णाकाठची मराठी. दादाला समुद्राने नेले त्याला दोन पावसाळे झाले होते. पण त्याची ‘न्हाई’ आणि त्याचे ‘लेका’ तिच्या जिभेवर शाबूत होते. पहिल्या दिवशी धक्क्यावर तिने सुव्रतची पिशवी हातातून ओढून घेतली आणि म्हणाली, “लई वाळलायस की रं.” त्या परक्या बेटावर, त्या परक्या चेहऱ्यातून आलेला तो घरचा आवाज ऐकून सुव्रतला रडू आवरणे कठीण झाले होते.

पहिल्या धड्यात ती सगळ्यांना एकच नियम घोकायला लावी. वर येताना आपल्या लहानात लहान बुडबुड्याच्या पुढे जायचे नाही. खोल पाण्यात घेतलेली हवा दाबाखाली आकसलेली असते. वर येताना ती फुलते, आणि माणूस घाईने वर आला तर ती छातीतल्या छातीत फुलून फुप्फुसे फाडते. मोठे बुडबुडे सुसाट जातात. अगदी बारीक, मोहरीएवढे बुडबुडे मात्र संथपणे चढतात. त्यांच्या मागून यायचे. “ते जात्याल तिकडं, ते जात्याल तसं,” मिरियम म्हणे.

दुसऱ्या धड्यात अनुश्वासाची ओळख होई, आणि सुव्रतचे आयुष्य तिथेच अडकले होते.

अनुश्वास म्हणजे कानामागच्या हाडावर बसणारी एक चकती. पाण्याखालचे कितीतरी अपघात हवा संपण्याच्या आधीच, भीतीपासून सुरू होतात. घाबरलेला माणूस भराभर, वरवरचे श्वास घेतो. त्यामुळे छातीतला कर्बवायू पुरता बाहेर पडत नाही, आणि गुदमरल्याची भावना निर्माण करतो तो हाच वायू. टाकीत हवा भरलेली असते, पण शरीर ओरडून सांगत असते की आपण बुडतो आहोत. या फेऱ्यातून माणसाला सोडवायचे कसे, यावर एका संशोधनसंस्थेने बरीच वर्षे घालवली. प्रत्येकाच्या श्वासाची चाल बोटाच्या ठशासारखी वेगळी असते, हे तोवर कळले होते. हाडातून दुसऱ्याचा संथ श्वास ऐकवला तर आपला श्वासही हळूहळू त्याच्या पावलावर पाऊल टाकतो, हेही दिसून आले. त्यांनी आधी यंत्रावर एक निर्दोष श्वास तयार केला. तो कोणालाच मानवला नाही. शरीर त्याला भुलेना. श्वास जिवंत माणसाचाच हवा होता, त्याच्या अडखळण्यांसकट. म्हणून मग निष्णात पाणबुड्यांचे श्वास टिपून घेण्यात आले आणि त्यांतला सर्वांत गुणकारी ठरलेला एक श्वास सगळ्या चकत्यांत भरला गेला. तो कोणाचा, हे संस्थेने जाहीर केले नाही.

शिकाऊ माणसाचा श्वास विस्कटला की चकती बोलू लागे. त्याचा श्वास जसजसा बसत जाई, तसतसा तो अनुश्वास मंद होई आणि शेवटी मिटून जाई. शिकलेल्याला त्याची गरज नाही, अशी ती रचना होती.

पहिल्यांदा पाण्याखाली गेल्यावर सुव्रत घाबरला. घाबरणारच होता. आणि मग कानामागच्या हाडातून तो श्वास आला. लांब आत. वर पोचल्यावर क्षणभर थांबणे, काही आठवल्यासारखे. मग दोन टप्प्यांत बाहेर, जसे कोणी डोक्यावरचे ओझे आधी गुडघ्यावर टेकवावे आणि मग जमिनीवर ठेवावे.

तो दादाचा श्वास होता.

त्याला ओळखण्यात सुव्रतची चूक होणे शक्य नव्हते. लहानपणी कृष्णेच्या घाटाखाली दादाने त्याला पोहायला शिकवले होते, पाठीला पत्र्याचा तोंडबंद डबा बांधून, गावाकडे सगळेच शिकवतात तसे. आणि गावाकडे सगळेच करतात तसे एक दिवस दादाने न सांगता मागून दोरी सोडली. सुव्रत बराच वेळ हात मारत राहिला. मग पाठ हलकी लागली म्हणून त्याने मागे चाचपून पाहिले आणि तो बुडाला. दादाने त्याला बाहेर काढले आणि पायरीवर पडून स्वतःच्या छातीवर पालथे घातले. नाकातोंडातून पाणी वाहत असताना सुव्रतच्या कानाखाली हाच श्वास चालू होता. लांब आत, थांबणे, दोन टप्प्यांत बाहेर. “पोहत हुतास की लेका,” दादा म्हणाला होता. “डबा न्हाई हे कळलं, तवा बुडालास.”

त्यानंतर तो नदीत कधी उतरला नाही; पाण्यात पुन्हा उतरला तो दादा गेल्यावर, या बेटावरच. आणि आता समुद्राच्या तळाशी तीच छाती त्याला परत मिळाली होती. ही गोष्ट त्याने वहिनीलाही सांगितली नाही. सांगितली तर कोणीतरी ती काढून घेईल, अशी त्याला भीती होती.

पण काढून घेणारा कोणी लागतच नव्हता. सुव्रत शिकत होता. श्वास बसू लागला होता, आणि दादा दर बुडीला थोडा थोडा दूर जात होता, गावच्या वाटेवर पाठमोरा चालणारा माणूस धुळीत अंधूक व्हावा तसा. एका सकाळी सबंध बुडी संपली तरी चकती बोलली नाही. वहिनीने पाठ थोपटली. अनूपने दोन्ही हात उंचावून नाच केला. त्या दिवशी सुव्रत जेवला नाही.

पुढच्या बुडीपासून तो चोरून श्वास बिघडवू लागला. प्रवाहाविरुद्ध जोराने पाय मारायचे, उच्छ्वास अर्धाच सोडायचा, छाती जळू द्यायची. मग दादा येई. सुव्रत डोळे मिटून घेई आणि पाण्यात तरंगत राही. त्या शांततेला तळ नसे. परीक्षेत तो दोनदा नापास झाला तो असा, ठरवून.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी पाणी स्वच्छ होते. जोडीदाराला आपल्या टाकीतली हवा द्यायची, एवढेच करून दाखवायचे होते. अनूपने वर होडीत बसल्या बसल्या सांगून ठेवले होते की, आज पास झालो तर बायको खेकड्याचा झोल, म्हणजे पातळ रस्सा, करणार आहे आणि शाकाहारी मगदूमबाबूंना निदान त्यातला बटाटा खावाच लागेल. तळाशी पोचल्यावर, परीक्षा घेणारी वहिनी थोडी मागे थांबली असताना, सुव्रतने नेहमीसारखा श्वास बिघडवला. छाती पेटली. दादा आला. त्याने डोळे मिटले.

अनूपला दिसले ते एवढेच, की जोडीदार हलत नाही आणि त्याचे डोळे मिटलेले आहेत. त्याची शुद्ध हरपली असे समजून त्याने सुव्रतला काखेतून धरून वर उचलू पाहिले. सुव्रतने त्याला झिडकारले. झोपेत माणूस पांघरूण झिडकारतो तसे, रागाशिवाय, विचाराशिवाय. त्याचे कोपर अनूपच्या मुखवट्यावर बसले. मुखवट्यात पाणी शिरले, नाकातून आत गेले, आणि अनूपसारखा हसरा माणूस सगळे नियम विसरून पृष्ठभागाकडे सुटला.

सुव्रतने डोळे उघडले होते. त्याने सगळे पाहिले. वर झेपावणारे अनूपचे पाय, त्याच्या तोंडातून उसळणारा बुडबुड्यांचा फेसाळ खांब, मागून बाणासारखी जाऊन त्याचा घोटा पकडणारी वहिनी. हे सगळे पाहताना त्याचा श्वास लांब आत जात होता, थांबत होता, दोन टप्प्यांत बाहेर येत होता. ऊन त्या बुडबुड्यांवर किती सुरेख पडले आहे, असे त्याच्या मनात आले.

नंतर पुष्कळ काळ त्याला छळले ते हेच. त्याने अनूपला कोपर मारले होते म्हणून नव्हे. त्या क्षणी त्याला काहीच वाटले नव्हते म्हणून.

अनूपची फुप्फुसे वाचली, कारण वहिनीने त्याला घोट्याला लोंबकळून आवरले होते. कानाचा पडदा मात्र फाटला. नाकातून रक्त येत असतानाही होडीत त्याने सुव्रतच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारले की, बाबू, तुम्ही ठीक आहात ना? मग त्याला मायाबंदरच्या इस्पितळात हलवले. तो मोसम त्याला पाण्यात उतरता येणार नव्हते, आणि पुढल्या मोसमात प्रवाळाच्या कामावर त्याची जागा राहील की नाही, याची शाश्वती कोणालाच नव्हती.

संध्याकाळी सुव्रत सामान धुण्याच्या टाकीपाशी आला, तेव्हा वहिनी गोड्या पाण्यात एकेक नळी खळबळून काढत होती. समुद्राकाठच्या मोहव्याच्या झाडांतून वारा येत होता. सुव्रतने सांगितले की उद्याच्या बोटीने तो जाणार आहे. तिने मान वर केली नाही.

“घाबरलेलं माणूस डोळं मोठं करतंय,” ती म्हणाली. “तू मिटतोस. पहिल्यांदा बघितलं तवा वाटलं, येगळा हाय पोरगा. मग वाटलं, न्हाई. ह्यो कुणाला तरी भेटाय जातोय.”

सुव्रतने हातातला पट्टा खाली ठेवला. “तुम्हांला माहीत होतं? आत दादा आहे हे?”

तिला माहीत होते. श्वास टिपला तेव्हा ती शेजारी बसली होती. दादा गेल्यावर संस्थेचे लोक तिला तो ऐकवायला म्हणून आले होते, सहानुभूतीने, डोळ्यांत पाणी आणून. तिने नको म्हटले.

“का, वहिनी?”

“त्यात तो घोरत न्हाई,” ती म्हणाली. क्षणभर तिच्या ओठांवर हसू आले आणि विरले. “माझा वर्धमान रेड्यागत घोरायचा. ह्यो कुणाचा श्वास मला देताय, म्हटलं, पाव्हण्यांनो?”

मग हात पुसत ती त्याच्यासमोर पायरीवर बसली आणि दादाचे शेवटचे तिने पहिल्यांदाच त्याला सांगितले. दादाबरोबरचा एक शिकाऊ पाण्यात दिसेनासा झाला. अशा वेळी थोडा वेळ शोधून वर यायचे असते, हे दादाच सगळ्यांना शिकवी. तो शिकाऊ तर कधीच वर पोचून होडीत बसला होता. दादा खालीच शोधत राहिला. हवेचा काटा खाली आला तरी शोधत राहिला. अगदी शांतपणे.

“सगळी म्हणत्यात, किती धीराचा माणूस. लेका, त्याला भ्याच वाटलं न्हाई. भ्या वाटलं असतं तर त्या भ्यानंच वर आणलं असतं त्याला. त्या चकतीत त्यांनी धीर भरलाय. मला त्यात त्याचं मरण दिसतंय. आज अनूपचं दिसलं.”

सुव्रत खाली पाहत राहिला. आपण दर बुडीला ज्या छातीवर डोके टेकत होतो, तिच्याच शांतपणाने दादाला खाली ठेवले होते, हे त्याला आता कळत होते. मग वहिनीनेच विचारले, अगदी लहान आवाजात, “कसा हाय तो? आत?”

त्याने सांगायचा प्रयत्न केला. लांब आत. थांबणे. मग ओझे टेकवल्यासारखे, दोन टप्प्यांत. ती ऐकत होती आणि तिचे ओठ नकळत त्याच्या शब्दांबरोबर उघडत, मिटत होते.

“उद्याची बोट दुपारला हाय,” ती उठत म्हणाली. “सकाळी माझ्यासंगं खाली चल. चकती मी लावणार. तू बिनचकतीचा येणार.” आणि केंद्राच्या दारापाशी वळून तिने जोडले, “मी डोळं मिटलं तर तू मिटायचं न्हाई. जोडीदार हाईस माझा.”

सकाळी समुद्र तांदळाच्या धुवणासारखा फिकट होता. दोघांनी रीतीप्रमाणे एकमेकांचे पट्टे ओढून पाहिले, टाक्यांच्या तोट्या तपासल्या. सुव्रतने आपल्या हाताने ती चकती वहिनीच्या कानामागे बसवली. कानामागची मोकळी जागा त्याला स्वतःला उघडी, थंड वाटत होती. मग होडीच्या कडेवरून दोघे उलटी झुकून पाण्यात पडली.

खाली जाताना त्याला भीती वाटली. खरी, निखळ भीती, लहानपणच्या नदीतली. कोणी आले नाही. त्याने एक श्वास घेतला, बेडौल, कोणासारखाच नसलेला. मग दुसरा घेतला. त्याला तो आवाज आवडला नाही, पण तो चालू राहिला.

वाळूच्या तळावर, नव्याने लावलेल्या प्रवाळांच्या रांगांशेजारी, ती दोघे गुडघे टेकून समोरासमोर बसली. वहिनीचे बुडबुडे संथ, समान अंतराने वर जात होते. इतकी वर्षे पाण्यात काढलेल्या बाईचा श्वास विस्कटणार कसा? आणि श्वास विस्कटल्याशिवाय चकती बोलणार नव्हती. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग सुव्रतकडे बघून दोन्ही हात पसरले: काही नाही.

त्याला वाटले, आता ती मुद्दाम श्वास बिघडवेल, आपल्यासारखा. तिने तसे काही केले नाही. ती नुसती बसून राहिली, हात मांडीवर ठेवून, दार उघडण्याची वाट पाहत बसलेल्या माणसासारखी. आणि मग सुव्रतला तिचे खांदे हलताना दिसले. मुखवट्याच्या काचेआड तिचा चेहरा चुरगळला. दोन पावसाळे तिला कोणी रडताना पाहिले नव्हते. बुडबुडे तुटले, फुटले, एकमेकांवर आदळत वर धावले.

आणि मग थांबले. काही आठवल्यासारखे.

पुढचा उच्छ्वास दोन टप्प्यांत आला. आधी मोठा गुच्छ. मग, अंमळ थांबून, लहान.

सुव्रतने आजवर दादाचा श्वास फक्त ऐकला होता. आता तो त्याला दिसत होता, तिच्या तोंडून निघालेला, चंदेरी, आकार घेऊन उन्हाकडे चाललेला. वहिनीने डोळे मिटले होते. तिच्या चेहऱ्यावर जे उतरले होते, ते त्याला ठाऊक होते. त्याला तळ नव्हता, हेही ठाऊक होते. त्याने तिला तिथे राहू दिले. तो पाहत राहिला. मध्येच तिच्याकडे, मध्येच तिच्या हवेच्या काट्याकडे, आणि एकदाही त्याने पापणी जड होऊ दिली नाही.

काटा लाल रेघेकडे सरकला. त्याने तिचा हात दाबला. ती हलली नाही. त्याने अंगठा वर करून चला अशी खूण केली, पण मिटल्या डोळ्यांना खूण कसली? अजून एक श्वास, त्याच्या मनाने म्हटले. अजून एकच. तो श्वास वर गेला, दोन टप्प्यांत. त्यानंतरचाही गेला. तेव्हा त्याला कळले की हा एकच कधी संपणार नाही, तो आपल्यालाच संपवावा लागेल.

तो तिच्या मागे गेला. घाटावर दादा मागून आला होता तसा. आणि न सांगता त्याने तिच्या कानामागची चकती सोडवली.

तिचे डोळे फाडल्यासारखे उघडले. भीती तिच्या चेहऱ्यावर परत आली, जिवंत माणसाची. सुव्रत तिच्यासमोर आला. अंगठा आणि तर्जनी जुळवून त्याने वर्तुळ केले: सगळे ठीक आहे? ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिनेही हळूच वर्तुळ केले.

त्यांनी वर पाहिले. दादाचे शेवटचे बुडबुडे अजून वाटेत होते. मोठे केव्हाच निघून गेले होते. मागे एक अगदी बारीक, मोहरीएवढा, चमकत चढत होता. एकमेकांचे मनगट धरून ती दोघे त्याच्या मागून निघाली. तो जाईल तिकडे, तो जाईल तसे. एकदाही त्यांनी त्याला ओलांडले नाही. पृष्ठभागापाशी तो उन्हात मिसळला आणि कोणता तो, हे ओळखू येईना.

होडीची कड धरून दोघे बराच वेळ तरंगत राहिली. वहिनीने मुखवटा कपाळावर सरकवला. तिचे डोळे लाल झाले होते.

“घोरत न्हाई,” ती म्हणाली.

सुव्रतने मान हलवली. दुपारच्या बोटीने तो मायाबंदरला जाणार होता, पण सामान न घेता. इस्पितळात अनूपच्या खाटेशी बसून त्याला खरे काय ते सांगायचे होते, आणि त्याने माफ केले तर त्याचा पडदा भरून येईपर्यंत जोडीदाराची वाट पाहायची होती. हे त्याने वहिनीला सांगितले. तिने होडीत चढून त्याची टाकी आधी वर ओढून घेतली.

चकती त्याच्या मुठीत होती. त्याने ती होडीत ठेवली. मग कडेला हनुवटी टेकवून तो दम खाऊ लागला, आणि त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला: आखूड, घाईचा, मध्येच चुकणारा.